चार मावश्या एकदम आजारी

शिक्का बसेपर्यंत तोंड उघडायचं नाही! झालं, एवढंच. का, कशासाठी, विचारायचं नाही. पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का बसेपर्यंत कोणाला कळता कामा नये की आपली अबीर नर्स म्हणून जर्मनीला जायचं बघतेय, कारण नजर लागते! आमच्या स्फाक्स शहरात म्हणे पोरींचे व्हिसे वकिलातीत अडत नाहीत, शेजाऱ्यांच्या डोळ्यांत अडतात. तुम्हाला सांगते, मी तीन वर्षं नर्सिंग शिकले, बंद पडलेलं काळीज या दोन हातांनी दाबून चालू केलंय, आणि घरी आले की दलांदा आत्या नजर उतरवायला माझ्या पिशवीला धुरी देते!

जर्मन शिकायचं तेही चोरून. कानात वायर घालून. कोणी विचारलं की आई म्हणणार, "गाणी ऐकतेय हो!" गाणी? "डॉक्टर, कालपासून माझ्या पोटात दुखतंय," याला कोणी चाल लावलीय का?

त्यात बेशीर काका. चाळीस वर्षं मासळी बाजारात ओरडून गेलेला आवाज. "आखात काय वाईट आहे? भाषा आपली, जेवण आपलं, दोन महिन्यांत विमानात!" काका, तिथे करार संपला की घरी. जर्मनीत पदवी मान्य झाली की मी तिथली नर्स, पुढे कायमची राहू शक... लगेच आई दटावणार, "हळू बोल! खिडकी उघडी आहे!" शिक्का बसेपर्यंत तोंड उघडायचं नाही!

बरं, भाषेची परीक्षा राजधानीत, ट्युनिसला. रजा हवी. वॉर्डात सांगितलं, मावशी आजारी आहे. काळा चष्मा लावून हॉलमध्ये शिरते, तर पहिल्या बाकावर कोण? सिहेम! आमच्याच वॉर्डातली! तिची मावशी आजारी होती. पलीकडे विजदान. तिची मावशी तर इतकी आजारी होती, की मी तिच्या गळ्यात पडून रडले होते हो! आणि शेवटच्या बाकावर, डोक्याला रुमाल गुंडाळून, तोंड भिंतीकडे करून... मदाम नजीबा! आमच्या मुख्य परिचारिका! आमच्या रजांवर सही करताना ज्यांनी विचारलं होतं, "काय ग, मावश्यांची साथ आलीय का?" आणि स्वतःची रजा कशावर काढली होती? मावशी!

हसू नका. माझा जीव टांगणीला होता. जर्मनीतल्या रुग्णालयाने करार पाठवला होता, पण जागा महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवणार होते. आणि तिथल्या सरकारी कचेरीचं पत्र आलेलं : कोणता विषय किती तास, रुग्णाच्या उशाशी किती तास, याचा तक्ता द्या. पदवी पूर्ण मान्य झाली तर थेट नर्सचा व्हिसा, कमी पडली तर तिथे मदतनीस म्हणून राबत उरलेलं शिकायचा व्हिसा. पण कमी किती पडतं हे ठरणार कशावरून? तक्त्यावरून! आणि आमच्या कॉलेजचे कारकून? मी तीनदा गेले, तीनदा तेच एका ओळीचं प्रमाणपत्र. "तीन वर्षं पूर्ण केली." अहो, तुरुंगातून सुटणाऱ्यालाही यापेक्षा मोठा कागद देत असतील!

परीक्षा संपली, चौघी एकमेकींची नजर चुकवत चहाला बसलो. शेवटी मी रडवेली होऊन माझं गाऱ्हाणं ओतलं. मदामनी पर्स उघडली. तासांचा तक्ता! विषयवार, वॉर्डवार, सहीसकट!

"कारकुनाकडे नाही मिळत ग. वर संचालकांच्या कचेरीत अर्ज द्यायचा. मला कळायला सात महिने लागले."

"मग सांगितलं का नाहीत?"

"नजर लागते ना."

मदाम! तुम्ही सात महिने, सिहेम पाच, मी चार... आणि एका टेबलावर जेवतो आपण!

सोमवारी संचालकांच्या कचेरीत उभी राहिले, गुरुवारी तक्ता हातात, त्याच दिवशी रवाना. महिना संपायला चार दिवस बाकी. आणि शुक्रवारी, कुस्कुसभोवती सगळं घर बसलेलं, शेजारच्या मबरूका काकू वाटी परत द्यायला आल्या.

"अबीरचं काय चाललंय हल्ली?"

आईने माझा पाय दाबला. काका म्हणाले, "तिकडे सूस शहरात, दवाखान्यात लागतेय." नजर लागू नये म्हणून आत्याने काकूंच्या दिशेने पाची बोटं पसरली. सगळे माझ्याकडे बघताहेत. मी नुसतं "हो" म्हणायचं होतं. शिक्का बसेपर्यंत...

"नाही काकू. सूस नाही, जर्मनी. करार आलाय, परीक्षा दिलीय, तक्ता काल गेला. शिक्का बसलेला नाही. बसेल. आणि मी आता गप्प बसणार नाही, इथेही नाही आणि वॉर्डातही नाही!"

काकांचा चमचा हवेत. आत्याची बोटं तशीच. आई ताटाकडे बघतेय. आणि मबरूका काकू? वाटी ठेवली, माझ्याशेजारी बसकण मारली आणि म्हणाल्या, "तो तक्ता कुठल्या कचेरीत मिळतो ग? आमची लेक रीम, तीही नर्सच, दोन महिने रडतेय त्याच्यापायी. पण बोलायची चोरी!"

गरमागरम कुस्कुस सोडून मी पत्ता लिहून देत बसले. व्हिसा येईल तेव्हा येईल हो. पण बेशीर काका सलग दहा मिनिटं गप्प बसले होते, हे मी कोणाला सांगितलं तर पटणार आहे का?