काकासाहेबांची मोटार आणि माझा जीव

थांबा, थांबा! जरा गप्प बसा सगळे... आवाज आला का? कुईं असा? न्हाई? खुर्ची सरकली कुणाची? मंग हळू सरकवा हो! तुम्हाला सांगतो, वर्षभर एकच गोष्ट शिकून राह्यलो मी, आवाज आला की खर्चा आला! बारीक आवाज, बारीक खर्चा. मोठा आवाज... जाऊ द्या, त्याचं नावच नको.

आता मी पडलो डॉक्टर. दवाखाना जालन्यात आणि पेशंट सगळे बाहेरगावचे, एक टेंभुर्णीला, दुसरा पार कुंभार पिंपळगावला, आणि आजारी पडायचं तर दोघांनी एकाच दिवशी! लोक म्हणाले, डॉक्टर, मोटार घ्या. घ्या म्हणजे? मोटार काय वांगी आहेत? तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, अंबडकडचे जमीनदार काकासाहेब आहेत ना, त्यांची मोटार पोलीस अॅक्शनपासून नुसती उभी आहे, भाडेपट्ट्यानं देऊन राह्यलेत. गेलो. काकासाहेब इतके गोड बोलले, इतके गोड, की मला तिथंच कळायला पाहिजे होतं! "डॉक्टर, भाडं नावापुरतं द्या हो. फक्त देखभाल तुमची. या पोळ्याला नेली, पुढच्या पोळ्याला परत, जशी नेली तशी. आणि जामीन म्हणून कायतरी ठेवा, रीत असते." कायतरी म्हणजे काय, तर आमच्या बायकोच्या, शरयूच्या पाटल्या! तिच्या आईनं स्वतःच्या हातातल्या काढून हिला घातलेल्या! मोटार बिघडली तर पाटल्या बुडाल्या, असं स्टॅम्पावर लिहून दिलं मी. आणि पेशंटला सांगतो, वाचल्याशिवाय औषध घेऊ नका!

पहिल्याच आठवड्यात आवाज आला. कुईं... नेली बद्रीनाथ मिस्त्रीकडे. "काय न्हाई डाक्टरसाब, छोटं काम हाय, जल्दी करून देतो." म्हणाला, बॉनेट उघडलं, आत बघितलं... आणि गप्प झाला. अहो, मी डॉक्टर आहे! पेशंटकडं बघून असं गप्प कसं व्हायचं, हे मला कुणी शिकवायचं? पुढचं वाक्य माझ्या पोटातच उमटलं. "आता खोललंच हाय तर..." खोललंच हाय तर हे बदलू, हे बदललं तर ते टिकायचं न्हाई, सामान हैदराबादेहून येतंय, आणि निजामाचा हाली रुपया चालणार न्हाई बरं का, सरकारी कल्दार पाहिजे! नेली तेव्हा कुईं करायची, आणली तेव्हा खर्रर्र. मी परत नेली. तो परत गप्प.

तुम्हाला सांगतो, भीती बसली हो! नाडी बघायला पेशंटचा हात धरावा, तर मलाच घाम. शेवटी मी मोटार चालवणंच बंद केलं. चाललीच न्हाई तर बिघडेल कशी? बराबर आहे ना? गोठ्यात बैलांशेजारी उभी केली, वर शरयूचं जुनं लुगडं पांघरलं, आणि टेंभुर्णीला गेलो बैलगाडीत बसून. भाडं मोटारीचं, गचके बैलगाडीचे! पण आवाज न्हाई, खर्चा न्हाई.

तर वाटेत भेटला बद्रीनाथ. "उभी ठेवली? अरारारा, डाक्टरसाब! चाकं फिरली न्हाईत की गाडी जागच्या जागी सडती." झालं! जेवण गेलं माझं. चाकं फिरवायची तर इंजन चालू करा, इंजन चालू करा की आवाज, आणि आवाज आला की... मंग आमच्या धुळाजीला हाक मारली. बैलं तोच बघतो, मेंढरामागं जन्म गेला, जनावराचं दुखणं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हटलं, धुळाजी, रोज सकाळी मोटारीला बैल जुंपायचे आणि आवारात चार फेऱ्या. गल्ली गोळा व्हायची बघायला. होऊ द्या! आवाज तर न्हाई ना?

असं करता करता आला पोळा. शरयू म्हणाली, "काकासाहेबांना जेवायलाच बोलवा. पुरणाच्या तोंडानं कुणी दोष काढत न्हाई. आणि पाटल्या आठवणीनं आणा म्हणावं." शेवटचं वाक्य माझ्याकडं न बघता.

आले काकासाहेब. पाटल्यांची पुरचुंडी हातात. मी गोठ्याचं दार उघडलं आणि... काय सांगू! मोटारीच्या कपाळाला बाशिंग! दोन्ही दिव्यांना शिंगांचं बेगड! गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल, पुढच्या चाकांवर हळद आणि तूप, खांदेमळणी केल्ती तिची! मी म्हटलं, धुळाजी, अरे हे काय? "मालक, वरीसभर बैलासंगं ऱ्हायलं, रोज जुवामागं फिरलं. सणाच्या दिवशी तेवढंच उपाशी ठेवायचं का? पाप लागतंय." उपाशी? म्हणजे खायला घातलंस काय? त्यानं कानाशी तोंड आणलं, "दोन पोळ्या चारल्या. पाणी पाजायचं तोंड हाय ना फुडं, त्याच्यात. वरून तूप."

काकासाहेब मोटारीभोवती फिरले. गप्प. अगदी बद्रीनाथसारखे गप्प! मंग इंजन फिरवायचं हँडल उचललं. "चालू करू या, डॉक्टर. आवाज ऐकू द्या." हँडल लावलं... इकडं शरयू दारात, तिचे दोन्ही हात मोकळे, आणि मी काय बोलून राह्यलो ते मलाच कळेना, नुसता ओरडलो, "काकासाहेब! आज पोळा! आज जुंपायचं नसतं!"

काकासाहेबांच्या हातातून हँडल गळालं. डोळ्यांत पाणी! "डॉक्टर, पोटच्या पोरांनी कधी या मोटारीवर फडकं मारलं न्हाई. आणि तुम्ही तिला सणाची सुट्टी देता? अशा घरातून हिला ओढून नेऊ? न्हाई, न्हाई! ठेवा. आणखी पाच वर्षं ठेवा!" आणि पुरचुंडी... गेली परत खिशात. वर पाच पोळ्या जेवले.

शरयू तेव्हापासून बोलत न्हाई. दुसऱ्या दिवशी भीत भीत मीच हँडल मारलं. एकदा, दोनदा, दहादा. धुळाजीला विचारलं, आवाज येतोय का रे? "बिलकुल न्हाई, मालक. जड झालं असंल तिला." वर्षभर देवाकडं हेच मागत होतो हो मी, आवाज नको, आवाज नको... ऐकलं देवानं!

शेवटी बद्रीनाथलाच घरी बोलावला. त्यानं बॉनेट उघडलं, पाण्याचं झाकण काढलं, आत बोट घातलं, हुंगलं, आणि गप्प झाला. मंग म्हणाला, "डाक्टरसाब, पुरणात वेलदोडा चांगला पडलाय. पण आता खोललंच हाय तर..."

मी म्हटलं, खोल बाबा, सावकाश खोल. पाच वर्षं आहेत आपल्याकडं.