कानातलं काढू द्या

– तर ते व्रत मी घेतलं तेव्हा आपली चिमणी सात वर्षांची होती. बसा हो जावईबापू, इतक्यात नाही यायची ती, आत फोटो चाललेत. पडद्यावर दिसते ती राणी दुसरी, पण आवाज आपल्या चिमणीचा, म्हटल्यावर तिलाही उभं करणारच की मध्ये! काय सांगत होते – हां. तिनं दुधाचं पातेलं लवंडलं आणि मी एक ठेवून दिली. गालावर. रडली कशी, ठाऊक आहे? आधी श्वासच घेईना. मग बारीक उचकी, एक, दोन – आणि मग आवाज. त्याच संध्याकाळी देवापुढे बसले नि बोलले, पुन्हा या पोरीवर हात उचलणार नाही. उचलला तर त्या हातानं तुला फूल वाहणार नाही. सोपं नव्हतं हं! अशी द्वाड, की कितीदा हात वर गेला आणि फळीवरचा डबा घेऊन खाली आला. ओट्यावर डबेच डबे – हे विचारायचे, आज काय आवराआवर काढलीस?

छान झाला ना सिनेमा? काय ते महाल, काय ते दिवे – जुन्या काळातलं मला मेलीला काही कळत नाही, पण डोळे निवले. आणि मग तो प्रसंग आला. राजा दालनात येतो, दार लावतो, हात उगारतो, राणी पाठमोरी. तिनं आधी श्वासच घेतला नाही. मग उचकी. एक, दोन – मी खुर्चीचा हात घट्ट धरला. वीस वर्षांनी ऐकलं हो ते! म्हटलं, अभिनय आहे, पोरीला माझीच चापट आठवली असेल. खरं सांगते, तसं असतं तर मला बरं वाटलं असतं. पाप आपलं असलं की फेडता तरी येतं.

पण राणी म्हणाली, ‘थांबा, कानातलं काढू द्या.’ तुमचा हात पॉपकॉर्नच्या पुड्यात तसाच राहिला – शेजारीच होते ना मी, दिसलं. मध्यंतरात दिग्दर्शकबाई कौतुकानं सांगायला आल्या, आई, हे वाक्य लिहिलेलंच नव्हतं, तुमच्या लेकीनं माइकसमोर आपसूक घातलं, राणी पाठमोरी म्हणून चपखल बसलं – कुठून सुचलं हो हिला? कुठून सुचणार? चार महिने झाले, पोरीच्या कानात काही नाही. विचारलं तर म्हणते, कान पिकलाय. आणि मी बावळट, तेलाच्या बाटल्या पाठवत बसले!

नाही, तुम्ही काही बोलू नका. मी तरी हे कुठं बोलणार होते? जेवायला येता का, एवढंच विचारायला बसले होते तुमच्याजवळ – निघालं तोंडातून. आता निघालंच आहे तर ऐका. आज ती माझ्याबरोबर येईल. हो, आजच, इथूनच. किती दिवस ते तिचं ती ठरवेल. तिला अजून विचारलं नाही मी, पण नाही म्हणायची नाही. तुम्ही आज यायचं नाही. तुम्हांला वाईट म्हणत नाही हो मी. जन्मदाती असून माझाही हात उठलाच होता, आणि तो थांबला. माणूस थांबू शकतो, मी केलंय ते, म्हणून तर आशा धरून इथं बसलेय. नाहीतर केव्हाच तिचा हात धरून निघाले असते.

ती बघा, आलीच. तिच्यासमोर तमाशा नको. ती दारातून इथवर येईतो वेळ आहे – माझ्यासारखं व्रत घ्या, जावईबापू. तेच, तेवढंच. मान काय हलवता? मान हलवून व्रत लागत नाही. तोंडानं बोलावं लागतं, आपल्या कानांना ऐकू जाईल असं.

बोला.