पुलिया कोणी तुंबवली

आमचं मूळ गाव पवनी, पण ते नुसतं सांगाले, मी तिथं उभ्या जन्मात दोनदा गेलो असीन आणि दोन्ही वेळा मयतीले. माझा आजा डोक्यावर मागाचं सामान घेऊन नागपुरात आला, नाल्याच्या काठी कोष्ट्यायची ओळ होती तिच्यात एक खोली धरली आणि तिथंच माग मांडला. आम्ही जातीचे विणकर, काय सांगू तुम्हाले, आमच्यात पोरगं लिहाले शिकायच्या आधी मोजाले शिकते, कारण ताण्यात एक सूत चुकलं तं अख्ख्या लुगड्यात रेघ पडते. माझा बाप म्हणे, किसना, बोलणं चुकलं तं माफी आहे, सूत चुकलं तं नाही. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास बाप गेला, मी त्याच्या मागावर बसलो, तो अजून बसूनच आहो.

माग म्हणजे खड्डामाग. घरातल्या भुईत कमरेएवढा खड्डा, त्याच्या काठावर बसायचं, पाय खाली सोडायचे, पायाखाली पावड्या आणि पुढ्यात उभ्या सुताचा ताणा. हे एवढ्यासाठी सांगून राहिलो की पाणी आलं तं ते पहिले कुठं जाते हे तुम्हाले समजलं पाहिजे. घरात वीतभर पाणी शिरलं तं दुसऱ्याचं बाजेखालचं भिजते, आमचा खड्डा भरते. खड्डा भरला की माग बंद, ताणा सडला, आणि सूत तं विणकरायच्या सोसायटीचं, ते काही आपलं नाही.

आमच्या बस्तीत दोन ओळी. वरची उंचावरची ती आमची, आणि खालची, नाल्यावरच्या लहान पुलाजवळची, म्हणजे पुलियाजवळची, ती छप्पनच्या साली बौद्ध झाले त्यायची. तेही विणकरच. माग तोच, सूत तेच, मजुरी तीच, फरक काय तं उताराचा. आणि आम्ही म्हणत होतो, नाल्याचं पाणी हे खालच्यायचं पाणी. म्हणजे पाणीही आम्ही वाटून टाकलं होतं पहा. तवा त्याचं काही वाटे नाही, आता तोंडातून निघालं तं जीभ अडखळते.

खालच्या ओळीत दौलत राहे. माझ्याच वयाचा. आम्ही दोघं सोसायटीतून सूत आणाले एका सायकलवर जात होतो, तो पायडल मारे आणि मी गाठोडं धरून मागं बसो. चढ आला की तो म्हणे, किसनभाऊ, सूत हलकं आहे, तुम्हीच जड आहा, उतरा थोडे. मी म्हणो, मार गा, मार, इतक्यात पेंशन घ्यायची काय तुले. असे आम्ही. मी त्याले दोस्तच समजत होतो, आणि तो मले किसनभाऊ म्हणे, मी त्याले दौलत म्हणो, हेही कधी ध्यानात आलं नाही.

आणीबाणी उठल्यावर दोन-तीन सालानं शहरातल्या सदर भागातून एका संस्थेच्या ताई बस्तीत येऊ लागल्या. त्यायचं म्हणणं साधं होतं, आग लागो की पूर येवो, सरकारी माणूस पोचेपर्यंतचा वेळ तुमचा तुम्हालेच काढाचा आहे, तं तो कसा काढाचा ते शिकून ठेवा. लोकं पहिले हसले. मग शिकले. दोरी कशी बांधाची, बांबू आणि घोंगडीचा डोला कसा करायचा, म्हाताऱ्यायले कोण उचलीन, लेकरायची गिनती कोण करीन, रॉकेलचे डबे कुठं ठेवाचे. पुलियाच्या खांबाले लाल रेघ मारली, पाणी तिथं पोचलं की रुळाचा तुकडा वाजवाचा. आमच्या ओळीत भागीरथी काकू होती, भल्ली जाडी, ती म्हणे, मले पहिले डोल्यावर घ्या, मेल्यावर तं न्यालच, पण कसे नेता ते मले जित्तेपणी पाहू द्या. चार पोट्ट्यायनं उचललं तं बांबूच वाकला. ती वरून म्हणे, अबे, जेवता की नाही रे तुम्ही?

शिकलेल्यायचं एक बचाव दल झालं, त्या दलाचा प्रमुख मले केलं, का तं माझा हिशेब पक्का. आणि खरंच सांगतो, मले ते आवडलं.

एक दिवस ताईनं शाळेच्या भिंतीवर कोळशानं बारा महिने काढले. म्हणाल्या, कोणत्या महिन्यात काय धोका, सांगा. आम्ही सांगत गेलो, उन्हाळ्यात आग, पावसाळ्यात पाणी, त्याच्यामागं हगवण. मग म्हणाल्या, नाल्यात काय काय पडते आणि कवा पडते? मी उभा राहून सगळं सांगितलं, शेण, राख, चिंध्या, मेलेली डुकरं, कशाचा किती भाग तेही सांगितलं. दौलत दाराजवळ बसला होता. ताई म्हणाल्या, दौलतभाऊ, अजून काही? तो म्हणे, नाही ताई, किसनभाऊनं सांगितलं ते बरोबर आहे.

त्या उन्हाळ्यात दोन्ही ओळीच्या लोकायनं मिळून नाला उपसला. बायायनं टोपले वाहिले, आम्ही फावडे चालवले. पुलियात तीन पाइप होते, त्यातला एक तं लोकायले मालूमच नव्हता, इतका तो गाळात बुडाला होता. तोही मोकळा झाला. वाकून पाहिलं तं पलीकडचा उजेड दिसे. दौलतनं नवा ताणा चढवला, दिवाळीच्या लुगड्यायचा. त्याच्या पोरीचं लग्न दिवाळीनंतर होतं, सारा भरवसा त्याच ताण्यावर. तो म्हणे, किसनभाऊ, यंदा भीती नाही.

आता पोळा कसा असते ते तुम्हाले मालूम आहे. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूले पळसाच्या फांद्या ठेवतात, त्याले मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराई, पीडा घराबाहेर काढाची. शहरात तं मारबतीचे मोठे पुतळे निघतात, पण आमच्या बस्तीत सकाळीच घरोघरचे मेढे उचलाचे, संगं फुटकं मडकं, घासलेला झाडू, तुटकं सूप, जे अवदसेचं असीन ते घ्याचं, ओरडत जायचं, ईडा पिडा, खोकला खासी, ढेकूण मच्छर घेऊन जा गे मारबत, आणि नाल्यात फेकून मागं न पाहता घरी यायचं. आज्याच्या वेळपासून हेच. त्या साली माझी बायको शांता दोन महिने काविळीनं पडून होती. माय म्हणे, किसना, तिची गादी घरात ठेवू नको, जाऊ दे मारबतीसंगं. गादी जड होती. माय कशी नेईन? मीच खांद्यावर घेतली.

म्हणजे पहा तुम्ही. ज्या माणसानं उन्हाळाभर तो नाला उपसला, पुलियाले लाल रेघ मारली, दुसऱ्याच्या पोट्ट्यानं केळीचं साल टाकलं तं त्याच्या बापाले जाऊन सांगितलं, तो माणूस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याले, गादी घेऊन निघाला, मोठ्यानं ओरडला घेऊन जा गे मारबत, आणि टाकली. माझ्या पुढंमागं अख्खी वरची ओळ. सगळ्यायच्या हातात काही ना काही. दलातले निम्मे पोट्टे त्याच्यात. एकाच्याही मनात आलं नाही. आम्ही काही लपूनछपून नव्हतं केलं, उजेडात, गात-वाजत केलं. कचरा टाकून राहिलो असं वाटलंच नाही ना, सण करून राहिलो असं वाटलं. भिंतीवर बारा महिने लिहिले तवा सणाले धोक्यात कोण लिहीन?

दुपारी पाऊस आला. जोराचा होता, पण असा आम्ही पाहिला नव्हता असं नाही. पाणी पुलियाशी आलं आणि तिथंच थांबलं. लाल रेघेच्या वर गेलं. रूळ वाजला, आणि खोटं काहून बोलू, दलानं काम चोख केलं. दोरी लागली, डोले निघाले, लेकरायची गिनती जुळली, म्हातारेकोतारे शाळेत पोचले. एक जीव गेला नाही. पण घरं भरली. खालच्या ओळीतले सारे खड्डे भरले. दौलतच्या घरात मी गेलो तं ताणा पाण्यावर तरंगून राहिला होता, वर नाल्याचा काळा गाळ. त्याची बायको सुमनबाई दोन्ही हातानं ताणा वर उचलून धरून उभी होती. मी म्हटलं, वयनी, सोडा आता, चला. ती म्हणे, भाऊजी, पोरीचं लग्न आहे जी याच्यात. मी तिच्या हातातून तो सोडवला.

पाऊस उघडल्यावर बांबूले हूक बांधून आम्ही पाइप मोकळे कराले लागलो. पळसाच्या फांद्याच फांद्या. त्यात सुपं अडकलेली, झाडू अडकलेले, एकात एक विणल्यासारखे. दोन्ही ओळीची माणसं काठावर उभी. मधल्या पाइपातून मोठं काही तरी निघत नव्हतं. मी एका बाजूनं ओढून राहिलो, दौलत दुसऱ्या बाजूनं. ते बाहेर आलं. गादी. तिच्या खोळीले शांताच्या जुन्या लुगड्याचं ठिगळ होतं, लाल काठाचं, ते लुगडं मीच विणलं होतं आणि दौलतनं ते माझ्या मागावर पाहिलं होतं. माझे हात थांबले. जमीन फाटली असती तं बरं झालं असतं. दौलतनं ठिगळ पाहिलं, मले पाहिलं, आणि म्हणे, किसनभाऊ, तिकून धरा, पाण्यानं जड झाली. एवढंच. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तं मी त्याच्या पाया पडलो असतो. गादी आम्ही दोघांनी काठावर आणून ठेवली आणि वरच्या ओळीतलं एकही माणूस त्या गादीकडे पाहत नव्हतं, सगळे आभाळाकडे पाहत होते.

चार-पाच दिवसांनी मी त्याच्या दारात गेलो. तो खड्ड्यातून बालटीनं गाळ काढून राहिला होता. मी विचारलं, दौलत, मारबतीचं तुझ्या ध्यानात होतं काय गा? तो म्हणे, हो जी. दर साली पाहतो ना. मी म्हटलं, मग ताईनं विचारलं तवा काहून नाही बोलला? त्यानं बालटी खाली ठेवली. म्हणे, तुमचा सण आहे, मी कसा बोलू? मी बोललो असतो तं वरच्या ओळीनं म्हटलं असतं, धर्म सोडला आणि आता आमच्या देवायले नावं ठेवून राहिला. मी म्हटलं, मी असं कधीच म्हटलं नसतं. तो म्हणे, तुम्ही नसतं म्हटलं. पण दुसऱ्यायनं म्हटलं असतं, तवा तुम्ही काय म्हटलं असतं?

 

पुढं काय झालं ते ऐका, ते तं अजून लाजेचं आहे. एक जीव गेला नाही म्हणून आमच्या दलाचा सत्कार झाला. मांडव, माईक, सगळं. प्रमुख म्हणून माझ्या गळ्यात हार, हातात नारळ. सत्काराले आलेले सरकारी साहेब म्हणाले, या बस्तीपासून साऱ्या शहरानं शिकलं पाहिजे. खाली दौलत बसला होता, टाळ्या वाजवून राहिला होता. माईकवर मी म्हणणार होतो की पुलिया आम्हीच तुंबवली. मी म्हटलं, धन्यवाद.

दुसऱ्या साली पोळ्याच्या आधी मात्र बैठक घेतली आणि उभं राहून सांगितलं, मेढे नाल्यात जाणार नाहीत. पहिली माझी मायच उठली. म्हणे, तू नाला साफ करते, आम्ही घर साफ करतो, चुकलं काय? नाल्यात टाकलं तं वाहून जाते, दुसरीकडं टाकलं तं रोगराई गावातच राहीन ना. मी म्हटलं, माय, वाहून नाही गेली, दौलतच्या घरात गेली.  मग भागीरथी काकू म्हणे, जाऊ द्या वं, मारबतले यंदा गाडीघोडा करून द्या. तं हातठेला केला. घरोघरचे मेढे त्याच्यात भरले, बस्तीच्या बाहेर पडीक जागेत नेऊन जाळले. माय ठेल्यामागं चालली, ओरडलीही, पण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तवापासून दर साली ठेलाच निघते, आणि पुलिया तुंबली नाही. ताईनं दुसऱ्या बस्त्यायले आमचं उदाहरण दिलं. मले जरीपटक्याकडच्या बस्त्यायत बोलावतात, दल कसं उभं कराचं ते सांगाले. मी जातो. पहिले गादीचं सांगतो, मग दोरी-डोल्याचं. लोकं हसतात, त्यायले वाटते गंमत सांगून राहिला. मी त्यायले हसू देतो.

पण दौलतनं माग पुन्हा मांडला नाही. पोरीचं लग्न दोन साल लांबलं. खड्डा त्यानं मुरूम टाकून बुजवला, वरून सारवलं, आणि खापरखेड्याले बिजलीघरात ठेकेदाराकडं लागला, कोळशाच्या कामाले. विणकराचा हात, फावड्यावर. मी म्हटलं होतं, सोसायटीत बोलतो, उंच लाकडी माग मिळते आता, खड्डा लागत नाही. तो म्हणे, नोको जी, ठीक आहे. मी दुसऱ्यांदा म्हटलं, तो तेच म्हणे.

अजून येते तो, सुटीच्या दिवशी. शांता जेवाले वाढते, आम्ही पोराबाळायचं बोलतो, तिकडच्या गरमीचं बोलतो. मायही आता त्याची विचारपूस करते, म्हातारी झाली. देव म्हणा, बुद्ध म्हणा, त्याच्या लेकरायले सुखात ठेवो, मी सकाळी हात जोडतो तवा त्याच्या घराचं नाव घेतो. मागच्या खेपेस शांतानं वांग्याची भाजी केली होती, त्यानं दोन घास खाल्ले आणि म्हणे, वयनी, भाजी मस्त झाली. मग मी घास घेतला. मीठ पडलंच नव्हतं. मी त्याच्याकडं पाहिलं. तो खाली मान घालून जेवत होता.