माझ्या नावाची मूठ

आबा : ...तर तुझी सासू माझ्यावर रुसली आहे, हे नक्की. घरोघरचे बठ्ठे भाऊबंद विचारतात, भिकनआबा, कानबाई देवीचा सण तोंडावर आला अन् घरात हे काय चाललंय? सांग दिपमाला, मना काय गुन्हा शे?

दिपमाला : आम्ही धुळ्याहून आत्ता येतोय, आबा. तुमचे गुन्हे तुम्हालाच ठाऊक.

आबा : एवढंच, की पाचोऱ्याच्या बाजारात मी म्हणालो, गेल्या कानबाईला हिच्या हातचा नैवेद्याचा रोट असा कडक झाला होता, की भाऊबंदांतल्या रुपचंदचा ट्रॅक्टर पंक्चर झाला तेव्हा चाकाच्या जागी तोच बसवला. एरंडोलपर्यंत आरामात आला. कोणीतरी ते हिच्या कानावर घातलं.

दिपमाला : आणि त्यावर आई रुसल्या?

आबा : नाहीतर काय? लग्न होऊन आली तेव्हापासून रोटाचे गहू हीच काढते. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं अन् मूठ सुपात टाकायची. यंदा सूप बेबाबाईपुढे सारलं. म्हणे, धाकट्या जावेनंही शिकावं, माझा गुडघा दुखतो. अन् त्याच गुडघ्यानं काल माळ्यावर चढून घरचं पातेलं काढलं. शेजारीच देवीची परात होती, ती तेवढी ठेवली. त्यासाठी बेबाला हाक मारून वर चढवलं.

दिपमाला : परातीला हातच लावला नाही?

आबा : नाही. देव्हाऱ्यातला दिवासुद्धा या आठवड्यात माझ्याच गळ्यात. माझ्या हातची वात अशी वाकडी, की देव मान तिरकी करून बसलेत.

दिपमाला : आबा, जरा शेजारच्या निंबाकाकांकडे जाऊन येता का? ती ट्रॅक्टरची गोष्ट त्यांना सांगा.

आबा : त्यानंच तर नट आवळले होते. बरं, जातो. हाकलतेस एवढं कळतं मला.

दिपमाला : आई, या ना, बसा इथं. गुडघा नाही दुखत तुमचा. अंगावरून जातंय का?

प्रमिलाबाई : कोणी सांगितलं तुला?

दिपमाला : देवीच्या परातीनं.

प्रमिलाबाई : हळू बोल, तुझी मृणाली आत आहे. वैशाखात, आखाजीच्या सणाला एक डाग दिसला होता. म्हटलं, उन्हाचं असेल. मागच्या महिन्यात पुन्हा. आता थोडं थोडं रोजच आहे. पाळी जाऊन इतकी वर्षं झाली माझी. नातीच्या वयात यायच्या गोष्टी आजीला येतात, हे कोणाला सांगू? अन् असल्या अंगानं गव्हाला हात कसा लावू?

दिपमाला : देवीचा विचार केलात, स्वतःचा नाही केला. पाळी गेल्यावर रक्त दिसलं की डॉक्टरांना दाखवायचंच. एक डाग असला तरी.

प्रमिलाबाई : कॅन्सर असेल का गं?

दिपमाला : असेलच असं नाही. पण नाहीच, असं घरात बसून ठरवता येत नाही. गर्भपिशवीच्या तोंडाचा असला तर तो हळूहळू वाढतो. लवकर सापडला तर बरा होतो. म्हणून काही त्रास नसतानाही बायकांनी तपासून घ्यायचं असतं. मी गेल्या वर्षी धुळ्यात घेतलं.

प्रमिलाबाई : तू? कधी बोलली नाहीस.

दिपमाला : तुम्ही तरी कुठं बोललात? आपण दोघी लोणच्याच्या मिठावर तासभर बोलतो.

प्रमिलाबाई : दुखतं का?

दिपमाला : अवघडल्यासारखं होतं. चहाला उकळी येईपर्यंत संपतंही. मृणालीला तर लस देणार आहोत, तिच्या वयात देतात. तुमच्या वेळी नव्हती. उद्या जळगावला जाऊ.

प्रमिलाबाई : कानबाई उठू दे, सण पार पडू दे. पाहुणे यायचे आहेत. बेबाला काय सांगून निघू?

आबा : सांग, देवीची नथ काळी पडली, जळगावच्या सराफाकडे उजळायला नेतो. निंबा घरी नव्हता, मी दाराशीच होतो. आपल्या योगेंद्रनी माय, अगं मी तुला रुसलेली समजत होतो.

(दुसऱ्या दिवशी, जळगावच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात. प्रमिलाबाईंचा नंबर जवळ आला आहे.)

प्रमिलाबाई : नथ आणलीत खरंच?

आबा : खिशात आहे. न उजळता नेली तर माझी थाप उघडी पडेल.

प्रमिलाबाई : पडली. निघताना मी बेबाला सगळं खरं सांगितलं.

आबा : एवढी चांगली थाप वाया घालवलीस. काय म्हणाली?

प्रमिलाबाई : आधी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, अक्का, मला काही होत नाही, पण पुढच्या खेपेला मीही येते. शेजारच्या कमलबाईलाही विचारणार आहे.

आबा : मग रुपचंदचा ट्रॅक्टरच काढू. चाकाची काळजी नाही, रोट आहेतच.

प्रमिलाबाई : हसवू नका. अहो, जन्मभर तुमच्या थापा ऐकल्या. आज एक मी मागते. आत काही निघणार नाही, असं म्हणा.

आबा : ती नाही जमायची.

प्रमिलाबाई : तुम्हाला?

आबा : मला. काय निघेल ते माहीत नाही. जे निघेल त्याला औषध करू. मी या बाकावर बसलोय, एवढं खरं.

दिपमाला : आई, चला. तुमचं नाव घेतलं.

प्रमिलाबाई : आले. ही पिशवी धरा. रविवारी रोटाला मी नसले, तर बेबावर ओरडू नका.

आबा : नाही ओरडत. सकाळीच सांगून आलोय तिला, सगळ्यांची काढ, फक्त माझ्या नावाची मूठ मागे ठेव.

प्रमिलाबाई : असं कुठं असतं का? ती का ठेवायची?

आबा : तुझ्या हातानं निघेल तेव्हा निघेल. मला घाई नाही.