कवळी, भाकरी आणि आमचं मालक

कवळीला हसताय व्हय? मग ऐका. मालकांनी नवी कवळी बसवली, पण भाकरी चावली की ती उचलायची. लाजेनं ते चारचौघांत जेवंनात. घरी नुसती आंबील प्यायचे, वर "झकास" म्हणायचे.

शेवटी भाकरी अन् सुकं मटण डब्यात घालून कोडोलीहून एस्टीनं कोल्हापूरला डॉक्टरांकडं मीच त्यांना ओढत नेलं.

"डॉक्टर, हितं तुमच्यापुढंच जेवतील. बघा की!"

डॉक्टरांनी निळा कागद चावायला दिला. "मावशी, डावीकडचे दात आधी टेकतात, म्हणून उजवीकडं कवळी उचलते."

निळे डाग उठले तिथं त्यांनी कवळीचे दात जरा घासून कमी केले. मालकांनी घास चावला, गिळला.

"मटणात मीठ कमी हाय."

किती दिवसांनी नावं ठेवली! डोळं पुसत म्हटलं, "उद्यापास्नं तुम्हीच रांधा!"