पुठ्ठ्यावरची धूळ

हवेत धूळ आहे का हे बघायला शाळेनं प्रयोग काढावा, हे मला आजही पटत नाही. नाक कशाला दिलंय? पण माझी सातवीतली सुमन ऐकेना. पुठ्ठ्याला व्हॅसलिन फासायचं, दिवसभर टांगायचं आणि किती धूळ चिकटली ते बघायचं. एक पुठ्ठा तिनं घराच्या खिडकीत टांगला, दुसरा माझ्याकडं दिला. मी तेव्हा भोसरीला फौंड्रीत होतो. भट्टीजवळच्या खिळ्याला तो अडकवला आणि शिफ्ट सुटल्यावर घरी आणला.

खिडकीतला जरासा मळला होता. माझा काळा ठिक्कर.

"बाईंना वाटंल, शाई फासली," मी म्हणालो.

ती हसली नाही. "अप्पा, हे सगळं तुमच्या छातीत जातं?"

"न्हाई गं. त्यासाठीच कंपनी रोज गुळाचा खडा देती. तो खाल्ला की धूळ खाली उतरती."

ती म्हणाली, "पण तो तर रोज मीच खाते."

त्या दिवशीचाही खडा रुमालात बांधून तिच्यासाठीच आणला होता. तिनं रुमाल सोडला, खडा माझ्या तोंडात घातला आणि मी गिळेपर्यंत समोरून हलली नाही.