गाढवाचे मागचे पाय

(चर्चच्या मंडळीच्या हॉलमधला रंगमंच. पडदा अजून बंद आहे. पडद्यामागे एक कापडी गाढव उभं आहे आणि त्याच्या आत बहीणभाऊ आहेत. ताई पुढे, बारक्या मागे.)

बारक्या: …म्हणून मी ठरवलंय. हे नाटक झालं की मी सुटलो.

ताई: सुटलो म्हणजे? गाढवातून?

बारक्या: गाढवातून आज, दादाच्या दुकानातून उद्यापासून. दुसऱ्या गावात एका गोदामात काम मिळतंय. खोकी या भिंतीपासून त्या भिंतीपाशी न्यायची. मग परत आणायची असतील बहुतेक.

ताई: दादाला सांगितलंस?

बारक्या: कशाला? त्याने स्टँड आणलाय.

ताई: कसला स्टँड?

बारक्या: आरशाचा. ताई, चष्म्याच्या दुकानात माझं काम काय? गिऱ्हाईक फ्रेम घालून बघतं, मी समोर आरसा धरतो. थोडा वर, थोडा खाली, ज्याच्या त्याच्या नाकाप्रमाणे. इतकी वर्षं धरला. परवा दादाने स्टँड आणला, त्याच्यावर आरसा ठेवला, दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, बघ, अजिबात हलत नाही.

ताई: त्यात तुला लागण्यासारखं काय?

बारक्या: मी हलायचो.

ताई: अरे, तुझ्या हातांना आराम म्हणून आणला असेल.

बारक्या: मी विचारलं, मग मी काय करू? म्हणाला, तू बस. कुठे बसू? म्हणाला, कुठेही बस, काय फरक पडतो.

ताई: तो सगळ्यांशीच असं बोलतो. तू ते मनाला लावून घेतोस. मी रोज सकाळी बायबलमधलं वचन पाठवते, ते वाचतोस ना?

बारक्या: वाचतो. परवाचं होतं, देवाच्या लेखी तू फार मोलाचा आहेस. छान वाटलं. मग बघितलं, तर तेच वचन तू त्याच मिनिटाला सगळ्या मंडळीच्या ग्रुपवर टाकलं होतंस. खाली गॅसवाल्याने अंगठा दिला होता.

ताई: गॅसवालासुद्धा मोलाचाच आहे.

बारक्या: असू दे की. पण आम्ही दोघं एकाच मिनिटाला मोलाचे झालो, तेव्हा मला जरा शंका आली.

ताई: चिमण्यांचं तर खास तुला पाठवलं होतं. एक चिमणीसुद्धा त्याच्या नकळत खाली पडत नाही, आणि तू तर चिमण्यांहून…

बारक्या: चिमण्यांहून बरा. पोचलं. पण ताई, दादाला कोणी कधी सांगतं का, की काळजी करू नकोस, तू चिमणीपेक्षा बरा आहेस? ज्याच्याबद्दल शंका असते, त्यालाच सांगावं लागतं.

ताई: आणि डोक्यावरचा केस न् केस मोजलेला आहे, ते?

बारक्या: माझ्या बाबतीत त्याचं काम दरवर्षी हलकं होत चाललंय.

ताई: हरवलेलं मेंढरू? निदान त्याला तरी नावं ठेवू नकोस.

बारक्या: नावं नाही ठेवत. ते मी करून बघितलं.

ताई: काय करून बघितलंस?

बारक्या: हरवून. मध्ये काही रविवार मी उपासनेला आलो नाही. घरीच दारापाशी खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, बघू या, नव्व्याण्णव मेंढरं सोडून हरवलेल्या एकाला शोधायला कोण येतं.

ताई: मग?

बारक्या: पाण्याचा मीटर बघायला एक माणूस आला.

ताई: असं कसं? तू तर दर रविवारी होतास. शेवटच्या बाकावर, खांबामागे. तू दिसत नाहीस तिथून, पण मी दर रविवारी खांबाकडे बघून हात हलवते.

बारक्या: मी नव्हतो.

ताई: म्हणजे इतके रविवार मी…

बारक्या: खांबाला बरं वाटलं असेल.

ताई: बारक्या, माझं चुकलं रे.

बारक्या: तुझं नाही चुकलं. मी असणं आणि मी नसणं यात फारसा फरक नाही, एवढंच मला तपासायचं होतं. तपासून झालं.

ताई: जे शेवटचे आहेत ते पहिले होतील, असं स्पष्ट लिहिलंय शास्त्रात.

बारक्या: गाढवाच्या बाबतीत त्यासाठी गाढवाला उलटं चालावं लागतं.

ताई: प्रत्येक वचनाला फाटे फोडतोस. म्हणतात ना, गाढवापुढे वाचली…

बारक्या: म्हण पुरी करू नकोस. आपण दोघं एकाच कातड्यात आहोत.

ताई: एकही वचन तुला धीर देत नाही? आख्ख्या शास्त्रात एकही?

बारक्या: एक आहे. तू पाठवलेलं नाही.

ताई: कुठलं?

बारक्या: हेच, गाढवाचं. तू नाटकात अर्धंच घेतलंस. मी मूळ अध्याय वाचला, दुकानाच्या मागच्या खोलीत, लेन्सच्या खोक्यांवर बसून. संदेष्टा गाढवावर बसून निघालाय. वाटेत देवदूत तलवार घेऊन उभा. संदेष्ट्याला दिसत नाही, गाढवाला दिसतो. गाढव वाट सोडून वळतं, मार खातं. भिंतीला चिकटून जातं, मार खातं. शेवटी बसकण मारतं, पुन्हा मार. मग देव त्याला वाचा देतो.

ताई: मला माहितेय. ती वाचा मीच आहे.

बारक्या: पण पुढे देवदूत काय म्हणतो? म्हणतो, याला का मारलंस? हे वळलं नसतं तर मी तुला ठार केलं असतं आणि याला जिवंत ठेवलं असतं. ताई, मी ते किती वेळा वाचलं असेल. एवढा मोठा देवदूत, एवढी मोठी तलवार, आणि आल्याआल्या चौकशी कोणाची करतो, तर गाढवाची. त्या दिवशी मला नीट जेवण गेलं.

ताई: बघ. मिळालाच ना धीर?

बारक्या: मिळाला होता. मग तू भूमिका वाटल्यास.

ताई: अरे, तुझी उंची बरोबर बसत होती.

बारक्या: देवदूत दिसला डोळ्यांना, डोळे तुझ्याकडे. बोललं तोंड, तोंड तुझ्याकडे. माझ्याकडे शेपूट आहे, तीही शिवून टाकलेली.

ताई: अर्ध्या गाढवाला देवदूत दिसला असं शास्त्रात कुठे लिहिलंय? आख्ख्या गाढवाला दिसला.

बारक्या: आणि काठी? काठी कुठल्या अर्ध्यावर बसते?

ताई: कापूस गुंडाळलाय तिला.

बारक्या: दादा तालमीतही मनापासून मारतो.

ताई: शू. आलाच तो.

दादा: तयार आहात का? ताई, ही दाढी तोंडात जाते.

ताई: संदेष्टा आहेस, सोस थोडं.

दादा: आणि चष्मा घालतोच मी. त्याशिवाय मला पडदासुद्धा दिसत नाही.

ताई: अजिबात नाही. त्या काळी संदेष्टे चष्मा लावत नव्हते.

दादा: म्हणूनच त्याला देवदूत दिसला नाही. बरं, बारक्या कुठाय?

बारक्या: जिथे असतो तिथे.

दादा: हा धर चष्मा. शेपटीखाली चेन आहे, तिथून देतोय. खिशात जपून ठेव, काचा नव्या आहेत.

बारक्या: ठेवला.

दादा: आता बसायचं कुठे?

ताई: गाढवाच्या पाठीला भोक आहे, त्यातून पाय आत सोड. पोटात स्टूल आहे. तुझ्या दुकानातलंच, चाकांचं. बारक्या मागून ढकलेल.

दादा: बसलो. बारक्या, ढकल.

ताई: पडदा उघडू दे आधी.

बारक्या: ताई.

ताई: हळू. त्याचे पाय आहेत आपल्यामध्ये.

बारक्या: पाय ऐकत नाहीत. मी काय म्हणतो, चेन माझ्यामागेच आहे. आत्ता निघालो तरी कोणाला कळायचं नाही.

ताई: दादा पडेल ना रे.

बारक्या: पडणार नाही. चाकं आहेत, घरंगळेल. माझ्याशिवायही पुढेच जाईल तो.

ताई: बारक्या, एवढं नाटक होऊ दे. मग तुझ्या गोदामात मी स्वतः तुला सोडायला येईन. पण आत्ता जाऊ नकोस. अर्धं गाढव घेऊन मी लोकांपुढे कुठे जाऊ?

दादा: कोण कुठे चाललंय?

ताई: कोणी नाही. उघडला पडदा. बोल तू.

दादा: 'चल माझ्या गाढवा. राजाने मला बोलावलंय, मोठा मान आहे आज माझा.'

बारक्या: आवाज बघ. दुकानातही असाच ओरडतो.

ताई: ढकल. डावीकडे वळतेय, देवदूत आला.

बारक्या: कोण झालंय देवदूत?

ताई: दातांच्या डॉक्टरबाई. तलवार अशी धरलीय, की आता 'आ करा' म्हणतील.

दादा: 'वाट का सोडतोस? हे घे.'

बारक्या: बसली.

ताई: लागली?

बारक्या: कापूस त्या टोकाला असेल. हे टोक मोकळं आहे.

ताई: आता भिंत. उजवीकडे दाब.

दादा: अरे, पाय, पाय. माझा खरा पाय चेपतोय.

ताई: शास्त्रात तसंच आहे. तू मार.

दादा: 'हे घे आणखी.'

बारक्या: हीसुद्धा मोकळ्या टोकाचीच.

ताई: आता खाली बस.

बारक्या: हे मला जमेल. कुठेही बस असं सांगितलेलंच आहे.

दादा: 'माझ्यासारख्या माणसाखाली बसकण मारतोस? हे घे.' ताई, आता तुझं वाक्य.

बारक्या: ताई, बोल ना.

दादा: ताई, लोक हसायला लागलेत.

ताई: बारक्या, मला वाक्य आठवत नाही.

बारक्या: तूच लिहिलंयस.

ताई: महिनाभर खांबाला हात हलवणारी बाई आहे मी. माझ्यावर किती विसंबशील?

बारक्या: 'मी तुझं काय वाईट केलं' असं आहे ते.

ताई: या मुंडक्यात ऐकू येत नाही. मोठ्याने बोल. तूच बोल.

बारक्या: मी? लोक म्हणतील, गाढव शेपटीकडून बोललं.

ताई: गाढव बोललं हे ज्यांना चालतं, ते कुठून बोललं यावरून भांडणार नाहीत. ऊठ. मी गाढव फिरवते, तू पुढे हो.

दादा: अरे, मला कुठे फिरवताय? लोक कुठे गेले?

ताई: तुझं स्टूल गोल फिरतं. तूही फीर, आणि शेपटीकडे तोंड कर.

बारक्या: ताई, मी आता लोकांसमोर आहे का?

ताई: तूच आहेस. आता मी मागे.

बारक्या: 'मी तुझं काय वाईट केलं, म्हणून मला मारतोस?'

दादा: 'तू… तू चारचौघांत माझं हसं केलंस. हातात तलवार असती तर मी तुला जिवंत सोडलं नसतं.'

बारक्या: 'मी तुझंच गाढव ना? इतकी वर्षं माझ्याच पाठीवर बसून हिंडलास ना? थोडा वर म्हणालास, वर धरला. थोडा खाली म्हणालास, खाली धरला.'

ताई: हे मी लिहिलेलं नाही.

बारक्या: 'तुझ्या एका तरी गिऱ्हाइकाने तक्रार केली का? आजपर्यंत मी कधी तुला असा दगा दिला होता का?'

ताई: दादा, तुझं वाक्य. नुसतं 'नाही'. एवढंच आहे.

दादा: माहितेय मला.

ताई: मग म्हण ना. हॉल थांबलाय.

दादा: तो स्टँड मी…

ताई: स्टँडचं नंतर. आधी 'नाही'.

दादा: 'नाही.'

ताई: शाबास. आता डॉक्टरबाई…

दादा: नाही रे. कधीच नाही.

ताई: एकदाच लिहिलंय ते.

दादा: असू दे.

बारक्या: ताई, डॉक्टरबाई तलवार खाली ठेवून डोळे पुसतायत का? शिलाईतून पुसट दिसतंय.

ताई: त्यांचं वाक्य राहिलं वाटतं. जाऊ दे. पाडा रे पडदा. आणि कोणीतरी हे मुंडकं उपटा, कान अडकलेत माझे.

दादा: बारक्या, कुठलं गोदाम?

बारक्या: ऐकलंस तू?

दादा: पाय ऐकत नाहीत. बाकीचा मी ऐकतो.

बारक्या: खोक्यांचं आहे. मी ठरवलं होतं जायचं.

दादा: ते तुझं तू बघ. पण तो स्टँड काही खरा नाही. माणूस केवढाही असला तरी स्टँड तेवढाच. काल एका बाईंना त्यात नुसती हनुवटी दिसली. फ्रेम न घेताच गेल्या.

बारक्या: मग मला हाक का नाही मारलीस?

दादा: तू आत खोक्यांवर बसून वाचत होतास. चेहरा बरा दिसत होता तुझा. म्हटलं, वाचू दे.

बारक्या: तू बघितलंस मला?

दादा: चष्मा होता डोळ्यांवर.

ताई: मी अजून गाढव आहे. कोणाच्या लक्षात आहे का?

बारक्या: काढतो, ताई. दादा, हा घे तुझा चष्मा.

दादा: राहू दे तुझ्याकडेच. उद्या दुकानात दे.

बारक्या: आणि आत्ता घरी कसा जाशील? तुला तर पायरीसुद्धा दिसायची नाही.

दादा: तू आहेस ना मागे.